कंसातली नावं

कोकणातल्या जुन्या घरात बहुधा पत्र्याची एक ट्रंक असते आणि तिच्या तळाशी सातबाऱ्याचे हाताने लिहिलेले उतारे असतात. रत्नागिरी जिल्ह्यातला असा एखादा उतारा उजेडात धरून पाहा. भोगवटादाराच्या रकान्यात पणजोबांचं नाव आहे, पण ते कंसात. खाली आजोबा आणि त्यांचे भाऊ. त्यांतली दोन नावं पुन्हा कंसात, आणि त्यांच्याखाली वारसांची रांग. नव्या नावाशेजारी वर्तुळात एक आकडा असतो. ज्या फेरफाराने ते नाव लागलं, त्याचा तो क्रमांक.

याला ‘कंस करणं’ म्हणतात. जुनं नाव पुसायचं नाही, त्याला कंस करायचा आणि नवं नाव खाली लिहायचं. फेरफाराचा क्रमांक धरून गाव नमुना सहाची नोंदवही उघडली की बदल कशामुळे झाला, मंडळ अधिकाऱ्यांनी तो कधी प्रमाणित केला, हे वाचता येतं. त्यामुळे दोन पिढ्यांपूर्वी ही जमीन कोणाच्या नावावर होती, याचं उत्तर आजही मिळतं.

लहानपणी मला याचं कोडं वाटायचं. काहीच पुसायचं नसेल, तर दप्तर फुगत कसं नाही? एका हिश्श्यातलं एक नाव बदललं, तर सगळ्या गावाची वही पुन्हा लिहावी लागते का? पुढे संगणकशास्त्र शिकताना हेच कोडं पुन्हा भेटलं. फंक्शनल प्रोग्रामिंग नावाच्या शाखेत ते मध्यभागी बसलेलं आहे, आणि ते सोडवण्याच्या निरनिराळ्या रीतींवर तिथल्या लायब्रऱ्या उभ्या आहेत. लायब्ररी म्हणजे इतर प्रोग्रामरांनी लिहून, तपासून ठेवलेली तयार अवजारं. नोंदी साठवायच्या, शोधायच्या, बदलायच्या असतील तर आपण ती अवजारं उचलतो. त्या नोंदी संगणकाच्या स्मृतीत ज्या मांडणीने ठेवलेल्या असतात, तिला डेटा स्ट्रक्चर म्हणतात. या लेखात मला अशा काही लायब्रऱ्यांची तुलना करायची आहे. त्यासाठी एकच प्रश्न प्रत्येकीला विचारणार आहे: जुनं न पुसण्याची किंमत तू कुठे वसूल करतेस?

पाटी आणि दप्तर

नेहमीच्या प्रोग्रामिंगमध्ये संगणकाची स्मृती पाटीसारखी वापरतात. दराच्या खणात ८०० लिहिलं होतं, आता ९०० लिहायचंय, तर ८०० पुसून ९०० लिहायचं. जुना आकडा गेला तो गेलाच. हे स्वस्त आणि जलद आहे, म्हणून बहुतेक सगळं जग असंच चालतं.

अडचण येते ती एका पाटीवर दोन जण काम करू लागले की. समजा, आंब्याच्या पेट्यांची यादी आहे. एक जण वरून खाली बेरीज करत चाललाय. तेवढ्यात दुसऱ्याने खालच्या नावावरच्या दहा पेट्या वरच्या नावावर टाकल्या. बेरीज करणाऱ्याने वरचं नाव आधीच मोजलं होतं, तेव्हा त्याच्या बेरजेत त्या दहा पेट्या कुठेच येत नाहीत. चूक दोघांचीही नाही, तरी हिशेब चुकला. आजच्या संगणकात अनेक गणनयंत्रं एकाच वेळी चालतात, त्यामुळे अशा चुका सतत संभवतात आणि सापडायला फार अवघड जातात, कारण पुन्हा चालवून पाहिलं तर बेरीज बरोबर येते.

फंक्शनल प्रोग्रामिंगमध्ये पुसणं बंद असतं. एकदा लिहिलेली यादी बदलत नाही. बदल हवा असेल तर बदललेली नवी यादी तयार होते आणि जुनी जशीच्या तशी राहते. बेरीज करणाऱ्याच्या हातात सकाळची यादी असेल तर त्याला सकाळची बरोबर बेरीज मिळेल. दुपारची यादी दुसऱ्याच्या हातात. ज्या मांडणीत जुनी आवृत्तीही वापरता येते, तिला पर्सिस्टंट म्हणजे टिकाऊ मांडणी म्हणतात. जेम्स ड्रिस्कॉल, नील सारनाक, डॅनियल स्लिएटर आणि रॉबर्ट टार्जन यांनी १९८६ मध्ये एक शोधनिबंध मांडून या कल्पनेला पद्धतशीर रूप दिलं.

पण ‘नवी यादी तयार होते’ म्हणजे काय होतं? यादीत दहा लाख नोंदी असतील आणि एक बदलायची असेल, तर उरलेल्या सगळ्या नव्याने उतरवायच्या? तसं असतं तर ही शाखा वर्गाबाहेर पडलीच नसती.

कुलवृत्तांतातली शेपटी

सगळ्यात सोपी युक्ती सगळ्यात जुनी आहे. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ पासून घडवलेल्या लिस्प भाषेत ती आली.

कुलवृत्तांत पाहिलाय ना? त्यात प्रत्येक माणसाच्या नोंदीत ‘वडील कोण’ एवढं सांगितलं की पुरतं. वडिलांच्या नोंदीत आजोबा, आजोबांच्या नोंदीत पणजोबा. दोन भावांची नोंद करताना पणजोबांपासूनची सगळी परंपरा दोनदा लिहीत नाहीत. दोघांचंही बोट एकाच वडिलांकडे असतं, त्यामागची साखळी दोघांची सामायिक. घरात तिसरा मुलगा जन्मला तर एक नवी नोंद होते, पूर्वजांच्या नोंदींना हात लागत नाही.

फंक्शनल भाषांमधली साधी यादी, म्हणजे लिस्ट, नेमकी अशी असते. प्रत्येक घटकात एक किंमत आणि मागच्या घटकाकडे दाखवणारं बोट. पुढे एक घटक लावायचा तर एकच नवी नोंद लागते, यादी दहाची असो की दहा लाखांची. जुनी यादी शाबूत, नवीही तयार, आणि दोघींची शेपटी एकच. तिथे कोणी काही पुसणार नाही ही खात्री आहे, म्हणूनच ती सामायिक ठेवता येते. पाटीच्या जगात एवढं सामायिक ठेवणं धोक्याचं झालं असतं.

किंमत कुठे वसूल होते, तेही कुलवृत्तांतातच दिसतं. विसाव्या पिढीचा पूर्वज शोधायचा तर वीस पायऱ्या चढाव्या लागतात. मधल्याच एका पूर्वजाची नोंद दुरुस्त करायची, तर त्याच्यापासून आपल्यापर्यंतच्या सगळ्या नोंदी नव्या कराव्या लागतात, कारण प्रत्येकाचं बोट आता दुरुस्त नोंदीकडे वळवायचं असतं. एका टोकालाच काम असेल तर लिस्टसारखं दुसरं काही नाही. मध्ये हात घालायचा असेल तर ती घेऊ नये.

पाच पानांचा खर्च

आता कोड्याचं खरं उत्तर. कल्पना करा की जिल्ह्याचं सगळं दप्तर पायऱ्यापायऱ्यांनी लावलंय. सगळ्यात वर एक पान, त्यावर मंडणगडपासून राजापूरपर्यंत नऊ तालुक्यांची नावं आणि प्रत्येक तालुक्याचं पान कुठे आहे ते. तालुक्याच्या पानावर गावं. गावाच्या पानावर सर्व्हे नंबर. सर्व्हे नंबराच्या पानावर हिस्से. हिश्श्याच्या पानावर खातेदार.

लांजा तालुक्यातल्या एका हिश्श्याचा खातेदार बदलला. पुसायची मनाई आहे, म्हणून त्या हिश्श्याचं नवं पान लिहिलं. पण सर्व्हे नंबराच्या पानाचं बोट अजून जुन्या हिश्श्याकडे आहे, तेव्हा तेही पान नवं लिहिलं, त्यात एकच बोट बदलून बाकीची तशीच उतरवली. मग गावाचं पान, तालुक्याचं पान, आणि शेवटी जिल्ह्याचं. एकूण पाच पानं. लांज्यातली बाकीची गावं आणि उरलेले आठ तालुके यांतल्या एकाही पानाला हात लागला नाही. नव्या जिल्हापानाचं बोट त्यांच्या जुन्याच पानांकडे आहे.

आता तुमच्याकडे जिल्ह्याची दोन पानं आहेत, जुनं आणि नवं. जुन्यावरून खाली उतरलात तर कालचा जिल्हा दिसतो, नव्यावरून उतरलात तर आजचा. दोन्ही पूर्ण, दोन्ही बरोबर, आणि फरक फक्त पाच पानांचा. मुळापासून बदललेल्या जागेपर्यंतची वाट तेवढी उतरवायची, म्हणून या रीतीला वाट उतरवणं म्हणतात. प्रोग्रामर रोज वापरतात ती गिट ही व्यवस्था, लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिहिलेली, याच तत्त्वावर कामाच्या हजारो जुन्या आवृत्त्या जपून ठेवते.

उपमेची मर्यादा इथे सांगायला हवी. सातबाऱ्यात कंसातलं नाव त्याच पानावर राहतं, संगणकात नवं पान वेगळं असतं. आणि संगणकात जुन्या आवृत्तीकडे कोणाचंच बोट उरलं नाही, तर तिची जागा आपोआप मोकळी केली जाते. दप्तर फुगत नाही ते यामुळे. पूर्वी सातबाऱ्याच्या वह्यांचं ठरावीक वर्षांनी पुनर्लेखन व्हायचं, तेव्हा चालू नोंदी तेवढ्या नव्या वहीत यायच्या. तसंच हे, फक्त जुनी वही अभिलेख कक्षात जाते, संगणकातली जुनी पानं मात्र कायमची जातात.

एका पानावर बोटं किती ठेवायची, या प्रश्नावर लायब्रऱ्यांचे रस्ते वेगळे होतात. हास्केल भाषेच्या ‘कंटेनर्स’ लायब्ररीतला ‘मॅप’, म्हणजे नावावरून नोंद काढून देणारी मांडणी, दोनच ठेवतो. शोधायचं नाव पानावरच्या नावाच्या आधी येत असेल तर डावीकडे, नंतर येत असेल तर उजवीकडे. मोल्सवर्थच्या कोशात शब्द शोधताना आपण मध्ये उघडतो आणि मागे-पुढे सरकतो, तसं. दर पायरीला उरलेला पसारा निम्मा होतो, म्हणून दहा लाख नोंदींत सुमारे वीस पायऱ्या पुरतात. झाड एका बाजूला कलू नये म्हणून दोन्ही फांद्यांचं वजन, म्हणजे त्यांतल्या नोंदींची संख्या, तोलत राहावी लागते. ओकॅमल भाषेतला मॅपही दोन फांद्यांचाच, पण तो वजनाऐवजी उंची तोलतो.

या मांडणीचा मोठा गुण म्हणजे क्रम. सर्व्हे नंबर ४० ते ६० मधल्या सगळ्या नोंदी द्या म्हटलं, तर त्या ओळीने मिळतात. पुढची मांडणी हा गुण गमावते.

पिनकोडची युक्ती

१५ ऑगस्ट १९७२ रोजी भारतात पिनकोड सुरू झाला. ती योजना आखली श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने. टपाल खात्यात अधिकारी असलेले वेलणकर संस्कृतचे नामवंत कवीही होते. त्यांच्या योजनेत जी सूक्ष्म बुद्धी आहे, तीच फंक्शनल लायब्रऱ्यांतल्या सर्वांत गाजलेल्या मांडणीत दिसते.

रत्नागिरी शहराचा पिनकोड ४१५६१२. पत्र वर्गीकरणाला आलं की पहिला अंक ४ पाहायचा आणि ते पश्चिमेकडच्या मोठ्या विभागात टाकायचं. ४१ पाहिलं की महाराष्ट्राचा एक भाग ठरला. ४१५ म्हणजे सातारा-रत्नागिरीकडचा टपाल जिल्हा. शेवटचे तीन अंक म्हणजे पोस्ट ऑफिस. देशभरातल्या सगळ्या पोस्टांची यादी चाळायची कुठेच गरज पडत नाही, आणि ‘हे नाव आधी की नंतर’ अशी तुलनाही करावी लागत नाही. अंक सांगतो त्या कप्प्यात टाकायचं, बस्स. अशा कप्प्यांच्या झाडाला एडवर्ड फ्रेडकिन यांनी १९६० मध्ये ‘ट्राय’ हे नाव दिलं.

माणसांच्या नावाला पिनकोड नसतो, म्हणून संगणक तो बनवतो. नाव एका ठरलेल्या गणितातून घालायचं आणि बाहेर येईल तो मोठा आकडा म्हणजे त्या नावाचा पिनकोड. या गणिताला हॅश म्हणतात. एका नावाचा हॅश नेहमी एकच येतो, आणि वेगवेगळ्या नावांचे आकडे चांगले विखुरलेले येतात. फिल बॅगवेल यांनी २००१ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये काम करताना या हॅशवर चालणारं एक नेटकं झाड मांडलं. त्यात दर पायरीला ३२ कप्पे असतात. हिशेब करून पाहा. दोन पायऱ्यांत १,०२४ नोंदी, तीन पायऱ्यांत ३२,७६८ आणि चार पायऱ्यांत १०,४८,५७६. दोन फांद्यांच्या झाडात जिथे वीस पायऱ्या लागत होत्या, तिथे चार.

पण ३२ कप्प्यांतले बहुतेक रिकामेच असतील तर? जागा वाया जाईल. बॅगवेल यांचा खरा चमत्कार इथे आहे. प्रत्येक पानाच्या माथ्यावर ३२ ठिपक्यांची एक पट्टी ठेवायची. ज्या कप्प्यात काही आहे त्याचा ठिपका भरलेला, बाकीचे कोरे. पानावर प्रत्यक्षात भरलेलेच कप्पे ठेवायचे, एकाला एक लागून. सतरावा कप्पा हवा असेल तर सतरावा ठिपका भरलेला आहे का पाहायचं, आणि असेल तर त्याच्या आधीचे भरलेले ठिपके मोजायचे. पाच भरले असतील तर आपला कप्पा सहावा. भरलेले ठिपके मोजायचं काम आजची यंत्रं एका फटक्यात करतात. मला स्वतःला संगणकशास्त्रातल्या मोजक्या देखण्या कल्पनांपैकी ही एक वाटते.

बॅगवेल यांचं झाड पाटीच्या जगासाठी होतं. रिच हिकी यांनी २००७ मध्ये जाहीर केलेल्या क्लोजर भाषेत त्याला वाट उतरवण्याची जोड देऊन ते टिकाऊ केलं, आणि तिथून ते सर्वत्र गेलं. स्कालाने घेतलं, हास्केलच्या ‘अनऑर्डर्ड कंटेनर्स’ने घेतलं, फेसबुकच्या ली बायरन यांनी जावास्क्रिप्टसाठी लिहिलेल्या ‘इम्युटेबल जेएस’ने घेतलं. २०१५ मध्ये मायकेल स्टाइनडॉर्फर आणि युर्गन विन्यू यांनी पानावरची मांडणी आणखी आवळली. २०१९ च्या स्काला २.१३ मध्ये ती आली. आपल्याकडे पुण्यात सुरू झालेल्या हेल्पशिफ्ट कंपनीने आपल्या कामाचा मोठा भाग क्लोजरवर उभा केला होता, म्हणजे हे झाड महाराष्ट्रातही बरीच वर्षं कामाला लागलेलं आहे.

आता किंमत. चार पायऱ्यांची वाट उतरवायची म्हणजे चार पानं, पण प्रत्येक पानावर ३२ पर्यंत बोटं. एक बदल म्हणजे सव्वाशेच्या आसपास बोटं उतरवणं. दोन फांद्यांच्या झाडात वीस पानं, पण प्रत्येक पानावर पाच-सहाच गोष्टी, म्हणजे पुन्हा शंभर-सव्वाशे! लिहिण्याचा खर्च जवळपास सारखा निघतो. फरक पडतो तो वाचताना: इथे चार उड्या, तिथे वीस. म्हणून भरपूर वाचन आणि थोडे बदल असतील तर रुंद झाड जिंकतं. क्रम मात्र त्यात राहत नाही. हॅशने नावं विखुरली की ‘४० ते ६०’ हा प्रश्न विचारताच येत नाही. आणि कोणी खोडसाळपणे एकच हॅश येणारी हजारो नावं पाठवली, तर सगळी एकाच कप्प्यात साचून काम मंदावतं. बाहेरच्या लोकांकडून येणारी नावं साठवताना ही गोष्ट डोक्यात ठेवावी लागते.

चौकट: लहान यादीला मोठी यंत्रणा नको

चार नावं शोधायला कोणी कप्पे करत नाही, नजर फिरवली की झालं. लायब्रऱ्याही हेच करतात. नोंदी थोड्या असेपर्यंत साधी ओळ ठेवतात आणि मर्यादा ओलांडली की गुपचूप हॅशच्या झाडावर जातात.
स्काला: ४ नोंदींपर्यंत साधी मांडणी.
क्लोजर: साधारण ८ नोंदींपर्यंत.
अर्लांग: ३२ नोंदींपर्यंत.
तुमच्या कामात लाखो छोटे छोटे मॅप असतील, प्रत्येकात तीन-चार नोंदी, तर झाडांची तुलना करत बसू नका. तुमचा वेळ या साध्या ओळीतच जाणार आहे.

आवक गठ्ठा आणि कामाचा गठ्ठा

रांग, म्हणजे आधी आला त्याचं काम आधी, ही मांडणी दिसायला सोपी आणि टिकाऊ करायला सर्वांत कठीण.

टेबलावर अर्जांचे दोन गठ्ठे आहेत असं समजा. नवा अर्ज आला की आवक गठ्ठ्यावर सगळ्यात वर ठेवायचा. काम मात्र सगळ्यात जुन्या अर्जापासून करायचं, आणि तो तर तळाशी. म्हणून कामाचा गठ्ठा वेगळा. तो संपला की आवक गठ्ठा पूर्ण उलटा करून कामाच्या जागी ठेवायचा. जुना अर्ज आता वर आला. दोन्ही गठ्ठे म्हणजे दोन साध्या लिस्ट, आणि लिस्टचं टोक तर स्वस्त असतंच. एकच महाग क्षण उरतो, उलटण्याचा. माणूस गठ्ठा एका हाताने उलटतो, पण संगणकाला एकेक अर्ज उचलून ठेवावा लागतो. तरी हजार अर्ज उलटले की पुढे हजार अर्ज फुकट निघतात, तेव्हा सरासरी खर्च थोडाच.

पण ही सरासरी पाटीच्या जगात खरी आहे. दप्तराच्या जगात जुनी आवृत्ती मरत नाही, आणि तिथेच घोटाळा होतो. उलटण्याच्या ऐन आधीची रांग कोणीतरी हातात धरून ठेवली. तिच्यातून एक अर्ज काढला, हजार उलटले. दुसऱ्याने त्याच जुन्या रांगेतून एक काढला, पुन्हा हजार. तिसऱ्याने काढला, पुन्हा हजार. महाग क्षण दर वेळी नव्याने येतो आणि सरासरीचा हिशेब कोसळतो.

ही गाठ सोडवली ख्रिस ओकासाकी यांनी, कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या १९९६ च्या पीएच.डी. प्रबंधात. १९९८ मध्ये केंब्रिजने त्याचं पुस्तक काढलं आणि या विषयाचं ते आजही मुख्य पुस्तक आहे. त्यांचा उपाय असा. उलटणं लगेच करायचं नाही. ‘हा गठ्ठा उलटायचा आहे’ अशी एक चिठ्ठी लिहून कामाच्या गठ्ठ्याच्या तळाशी लावायची, आणि तीही वेळेत, आवक गठ्ठा कामाच्या गठ्ठ्याहून मोठा होताच. चिठ्ठीपर्यंत कोणी पोचला तरच उलटणं होतं, आणि झाल्यावर उत्तर त्याच चिठ्ठीवर लिहिलं जातं. दुसरा कोणी त्याच जुन्या आवृत्तीवरून तिथे आला तर त्याला तयार उत्तर मिळतं, कारण चिठ्ठी दोघांची सामायिक आहे. मुदतीआधी काम न करणं आणि केलेलं काम लक्षात ठेवणं, या दोन गोष्टींनी सरासरी पुन्हा खरी ठरली. हास्केल भाषा मुळातच अशा चिठ्ठ्यांवर चालते. ओकॅमलमध्ये किंवा स्कालात चिठ्ठी कुठे लावायची ते लेखकाला स्वतः लिहावं लागतं.

म्हणून लायब्ररीच्या माहितीत ‘सरासरी खर्च कमी’ असं लिहिलेलं दिसलं, की एक गोष्ट जरूर पाहावी: ही सरासरी जुनी आवृत्ती पुन्हा वापरली तरी टिकते का? अनेकदा टिकत नाही, आणि ते बारीक अक्षरातसुद्धा लिहिलेलं नसतं.

गजऱ्याची दोन टोकं

गजरा विणताना दोन्ही टोकं बोटांत असतात. नवं फूल कुठल्याही टोकाला पटकन लावता येतं. राल्फ हिन्झे आणि रॉस पॅटरसन यांनी २००६ मध्ये मांडलेलं फिंगर ट्री असंच आहे. दोन्ही टोकांना एक ते चार घटक हाताशी, आत दोन-दोन, तीन-तीनचे जुडगे, त्याच्या आत जुडग्यांचे जुडगे. हास्केलच्या कंटेनर्समधला ‘सीक्वेन्स’ यावरच बांधलेला आहे. दोन्ही टोकं स्वस्त, मधला घटकही बऱ्यापैकी, आणि दोन मोठे गजरे जोडायचे तर फार थोड्या कामात जोडले जातात. शेवटचा गुण दुर्मीळ आहे. मजकुराचे तुकडे कापून जोडायचे असतील, तर मी पहिल्यांदा हाच घेतो. नुसतं क्रमांकाने वाचायचं असेल तर क्लोजर-स्कालाचा व्हेक्टर, म्हणजे हॅशऐवजी क्रमांकावर चालणारं ३२ कप्प्यांचं झाड, त्याला मागे टाकतो.

कच्ची वही

व्यापारी आधी कच्च्या वहीत लिहितो, खाडाखोड करतो, आणि मग पक्क्या वहीत उतरवतो. कच्ची वही दुसरं कोणी पाहत नाही, म्हणून तिथली खाडाखोड कोणाला बाधत नाही. क्लोजरमध्ये २००९ पासून ही सोय आहे. दहा लाख नोंदी एका दमात भरायच्या असतील तर दर नोंदीला वाट उतरवण्याऐवजी मांडणी तात्पुरती कच्ची करायची, जागच्या जागी भरायची आणि शेवटी पक्की करून बाहेर द्यायची. बाहेरच्याला पक्की वहीच दिसते. जावास्क्रिप्टमधली ‘इमर’ ही लायब्ररी वापरणाऱ्याच्या हातात मसुदाच देते, आणि त्यावर काय खाडाखोड झाली ते पाहून नवी आवृत्ती बनवते. शिकायला ती फार सोपी आहे, आणि वेबपानं लिहिणाऱ्या नवख्या मुलांना मी तीच सुचवतो.

तुलना कशाशी?

या सगळ्यांची शर्यत लावून पहिला नंबर काढता येणार नाही का? प्रयत्न झाले आहेत. ओकासाकी यांनीच ‘एडिसन’ नावाची लायब्ररी केली होती. तिच्यात निरनिराळ्या मांडण्यांना एकच दर्शनी दार होतं, म्हणजे प्रोग्राम न बदलता आतलं झाड बदलून पाहता यायचं. इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठात ग्रॅम मॉस आणि कॉलिन रन्सिमन यांनी १९९७ मध्ये ‘ऑबर्न’ नावाचं मोजमापाचं साहित्य तयार केलं. त्यांनी ओळखलं की मांडणी एकटी मोजताच येत नाही, तिची वहिवाट मोजावी लागते. किती भर पडते, किती वाचन होतं, आणि एकाच जुन्या आवृत्तीतून किती वेळा नवे फाटे फुटतात, याचा त्यांनी आलेख काढला आणि प्रत्येक मांडणी त्या आलेखावर चालवून पाहिली. एका वहिवाटीत पहिली आलेली मांडणी दुसऱ्या वहिवाटीत मागे पडते, हे त्यातून स्पष्ट दिसलं.

वेगापलीकडे आणखी एक कसोटी आहे, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते: बरोबर असणं. वजन तोलणाऱ्या झाडांत ‘एक बाजू दुसरीच्या किती पट जड चालेल’ याचे दोन आकडे ठरवावे लागतात. अनेक वर्षं वापरात असलेले काही आकडे चुकीचे निघाले. काही नोंदी वगळल्यावर झाडाचा तोल बिघडायचा, आणि हे फार उशिरा ध्यानात आलं. योइची हिराई आणि काझुहिको यामामोतो यांनी २०११ मध्ये कॉक या सिद्धता तपासणाऱ्या प्रणालीच्या मदतीने कोणते आकडे चालतात ते पक्कं केलं. मूळ रचनेत पूर्णांकांची एकच जोडी बसते, ३ आणि २. इतकी वर्षं, इतक्या जाणत्या लोकांच्या डोळ्यांखालून ही चूक निसटली. त्यामुळे स्वतःचं झाड हौसेने लिहून शिकावं, पण दुसऱ्यांच्या नोंदी त्यावर ठेवू नयेत.

माझा कौल असा. क्रमाने हवं असेल तर दोन फांद्यांचा तोललेला मॅप. नुसता शोध हवा असेल आणि नोंदी लाखांत असतील तर हॅशचं ३२ कप्प्यांचं झाड. एकाच टोकाचं काम असेल तर साधी लिस्ट, दोन्ही टोकांचं किंवा जोडणीचं असेल तर फिंगर ट्री. आणि काहीच ठरत नसेल तर भाषेसोबत आलेली मांडणी घ्या, तुमच्याच नोंदींवर वेळ मोजा, आणि आकडा खटकला तरच बदला.

रत्नागिरीत संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना एक विनंती आहे. दोन गठ्ठ्यांची रांग आधी कागदावर काढा, जुनी आवृत्ती हातात धरून तिच्यातून तीनदा अर्ज काढा आणि किती अर्ज हलले ते मोजा. मग ओकासाकींचा प्रबंध उघडा. कार्नेगी मेलनने तो इंटरनेटवर विनामूल्य ठेवलेला आहे. रांगांवरची पानं आधी वाचा.